चुन्यातला हात

१

आकाराम सूर्यवंशी रविवारी सकाळी सापडले ते हरिपूरला, संगमाच्या अलीकडे, काठच्या बाभळीत अडकलेले. कृष्णा अजून तांबडीच वाहत होती. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पाय अनवाणी. डोक्याच्या मागे मोठं टेंगूळ, पण जखम नाही.

उपनिरीक्षक पूजा खरात काठावर उकिडवी बसून त्यांचे हात पाहत होती. ती आटपाडीकडची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिच्या लहानपणी गावात पाणी टँकरनं यायचं. सांगलीला बदली होऊन दोन महिने झाले होते, तरी एवढं पाणी एका जागी वाहताना पाहिलं की ती अजून दोन पावलं मागे सरायची.

आकारामांच्या उजव्या हाताच्या नखांत काहीतरी पांढरं घट्ट बसलं होतं. तिनं काडीनं उकरून पाहिलं. चुना.

"तंबाखूचा असेल," हवालदार मल्हार म्हणाला. तो गावभागातच वाढलेला. आकारामांना अख्खी सांगली ओळखते, असं त्यानं येतानाच सांगितलं होतं. नोकरीत असताना ते आयर्विन पुलावर नदीची पातळी वाचायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. गावभाग, खणभाग, वखारभाग, सांगलवाडी, हरिपूर, जिथं जिथं महापुराचं पाणी चढलं तिथल्या भिंतींवर ते निळ्या रंगानं रेघ ओढायचे आणि खाली साल लिहायचे. दर पावसाळ्यात पुसट झालेल्या रेघा पुन्हा रंगवायचे.

तेवढ्यात फोन आला. गावभागातल्या घाटावर आकारामांच्या चपला आणि निळ्या रंगाचा डबा सापडला होता. ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. म्हातारा पाय धुवायला उतरला, घसरला, वाहत हरिपूरला आला. संध्याकाळपर्यंत कागद पूर्ण करा.

पूजा घाटावर गेली. पायऱ्यांच्या मध्यावर दगडी नंदी होता आणि त्याच्या खाली तिसऱ्या पायरीवर चपला जोडीनं ठेवलेल्या, शेजारी डबा. पाणी त्याच्याही दोन पायऱ्या खाली होतं. तिनं चपला उचलल्या. त्यांच्याखाली पायरीवर बोटभर ओला गाळ होता आणि गाळात चपलांचा आकार उमटला होता. ती तशीच बघत राहिली. यात काहीतरी खटकत होतं, पण काय ते तिला कळेना. तिनं फोटो काढून ठेवला.

मल्हार पायऱ्या उतरून धावत आला. "मॅडम, वखारभागात चला. भिंतीतनं रक्त येतंय म्हणतायत लोक."

२

वखारभागाच्या टोकाला, नाल्याकाठी, जुन्या हळदीच्या वखारीची एक लांब भिंत उभी होती. वखार पाडून तिथं मुलींचं वसतिगृह बांधलं होतं, तीन मजली, नवं कोरं. भिंत तेवढी कुंपण म्हणून ठेवलेली. तिचा मधला पट्टा ताज्या चुन्यानं पांढराफेक झाला होता.

त्या चुन्यात हात उमटला होता. पुरुषाचा उजवा हात, लालभडक, बोटं खाली ओघळत गेलेली.

भिंतीसमोर तीस-चाळीस माणसं होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका बाईनं खाली नारळ ठेवून उदबत्ती लावली होती. मल्हारनं हळूच सांगितलं की आकारामांची रेघ नेमकी इथंच होती, दोन हजार एकोणीसची, माणसाच्या हनुवटीएवढ्या उंचीवर. आता ती चुन्याखाली गेली होती.

पूजानं जवळ जाऊन पाहिलं. हात ओल्या चुन्यावर टेकला होता आणि वरून घाईनं चुन्याचा आणखी एक थर मारलेला दिसत होता. लाल रंग त्यातूनही वर आला होता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट गडद, बाकी हात फिकट, असून नसल्यासारखा.

वखार पूर्वी आप्पासो चौगुल्यांची. हळदीचे जुने व्यापारी. त्यांचं आणि आकारामांचं या रेघेवरून सगळ्या बाजारासमोर भांडण झालं होतं. जागा विकायची होती आणि भिंत ओरडून सांगत होती की इथं माणूस बुडतो. पुढे ती जागा वीरधवल पाटणकर सरांच्या संस्थेनं घेतली आणि भांडण मिटलं, असं लोक म्हणत.

गर्दीतून एक म्हातारी पूजाच्या कानाशी येऊन म्हणाली, "त्यो सांगून गेलाय बाई, कुणी मारलं त्ये. हात ठेवून गेलाय."

३

आकारामांचं घर गावभागात होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उंबऱ्यावर चढायचं, अशा बोळात. त्यांची बायको राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. शेजारी पुतण्या उदयसिंह उभा होता. फौजेतून निवृत्त, राहायला पुलापलीकडे सांगलवाडीत.

दाराजवळच्या खुर्चीवर वीरधवल सर बसले होते. साठीचे, पांढरेशुभ्र कपडे, डोळे लाल. मूळचे ते साताऱ्याच्या डोंगरातल्या मेढ्याचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पंधरा वर्षं विश्रामबागेत राहायला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आणि आकाराम मिळून शाळेतल्या मुलांना शहराच्या एकेका भागात फिरवून आणायचे. आकाराम पाण्याच्या गोष्टी सांगायचे, सर इतिहास.

सरांनी आपणहून सांगितलं. शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते गणपतीच्या देवळाकडून येत होते. घाटाच्या वरून त्यांना आकाराम दिसले. "नंदीच्या खाली उतरून त्यांनी चपला काढल्या, डबा ठेवला. मी हाक मारणार होतो, पण घाई होती. तेव्हा थांबलो असतो तर." राहीबाईंनीच त्यांना पाणी दिलं.

पूजानं राहीबाईंना विचारलं, आकाराम तंबाखू खायचे का. त्यांनी मान हलवली. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही.

म्हणजे नखातला चुना डबीतला नव्हता.

बाहेर बोळात उदयसिंह तिच्या मागोमाग आला. लोक तिच्या कानावर घालतील त्याआधी त्यालाच सांगायचं होतं. शुक्रवारी घाटावर तो चुलत्यावर ओरडला होता. नदी चढतीय, काठाला फिरू नका, न्हाईतर मीच ढकलीन म्हणाला होता. चारचौघांत. शनिवारी दुपारपासून मात्र तो सांगलवाडीत बोटीवर होता, मळ्यातली माणसं काढत. बोटीवरचे सहाही जण साक्ष देतील.

"मॅडम, आण्णांनी चौतीस वर्सं ती नदी वाचली," तो म्हणाला. "कोयनेतनं पाणी सोडलेलं त्यास्नी म्हाईत हुतं. शनिवारी त्ये पाण्यात पाय घालणार न्हाईत. कुणी कायबी सांगू दे."

४

आप्पासो चौगुल्यांची नवी पेढी मार्केट यार्डाजवळ होती. दारापासून आतपर्यंत पिवळी धूळ. आप्पासोंच्या तळहाताच्या रेषासुद्धा पिवळ्या. पूजानं भिंतीवरच्या हाताचा फोटो पुढे केला.

मग त्यांनी ड्रॉवरमधून चुन्याची डबी काढली, दोन थेंब पाणी घालून चुना तळहातावर चोळला. बघता बघता अख्खा पंजा लाल झाला, घट्ट, ओल्या रक्तासारखा.

"हळदीला चुना लागला की कुंकू हुतं, बाई. रक्त न्हवं त्ये. ज्याचा हात त्या भिंतीला लागला, त्याच्या हाताला हळद हुती." त्यांनी लाल पंजा तिच्यापुढं धरला. "आता तुमी म्हणणार, हळद तर माझ्याच हाताला हाय."

पूजा तेच म्हणणार होती. भांडण त्यांचं, भिंत त्यांची, हळद त्यांची. शनिवारी ते विट्याला पाहुण्यांकडे होते आणि रविवारी दहाला आले, असं ते म्हणाले. पण पूजाचं लक्ष त्यांच्या पंज्याकडे होतं. तळवा, बोटं, मनगट, सगळं सारखं लाल. भिंतीवरच्या हाताची तीनच बोटं लाल होती.

हळदीत काम करणाऱ्या माणसाचा सगळा हात पिवळा असतो. चिमटीत धरून हळद वापरणारा माणूस वेगळा.

ती पायरी उतरत होती तेव्हा आप्पासो मागून म्हणाले, "आकारामशी मी भांडलो, खरं हाय. पण जागा विकताना मी पाटणकर सरास्नी त्या रेघेपशी उभं करून सांगितलंवतं, पाणी हितवर येतंय म्हणून. त्ये हसले. म्हणले, रेघच हाय न्हवं, बघू."

५

सोमवारी सकाळी पूजा पुन्हा गावभागात गेली. राहीबाईंना एकच गोष्ट विचारायची होती. आकाराम कशासाठी हळद चिमटीत धरायचे का?

राहीबाईंनी कोनाड्यातून एक पिशवी काढली. तिच्यात पारदर्शक नळी होती, गवंडी पाणी भरून लेव्हल बघायला वापरतात तशी, आणि सुताची एक गुंडी, पिवळी. रंगवण्याआधी आकाराम सूत हळदीतून चिमटीनं ओढून घ्यायचे, दोन खिळ्यांना ताणून भिंतीवर फटका मारायचे. पिवळी सरळ ओळ उमटायची. त्यावर निळा रंग. दुसरी गुंडी शनिवारी चारला त्यांनी सोबत नेली होती, वखारभागातली रेघ रंगवायला.

"अन् चपला?" पूजानं विचारलं.

"सूत मारायच्या आधी काढून ठेवायचे. पाण्याची खूण म्हणजे देवाची खूण, म्हणायचे."

भिंतीवरचा हात मारेकऱ्याचा नव्हता. तो मेलेल्या माणसाचा होता. आकाराम तिथं पोचले तेव्हा कुणीतरी रेघेवर चुना फासत होतं. त्यांनी ओला चुना हातानं पुसायचा प्रयत्न केला. नखांत चुना गेला, भिंतीवर हळद राहिली. चपला आणि डबा तिथंच, भिंतीपाशी राहिले. म्हणजे घाटावर ते दुसऱ्या कुणीतरी नेऊन ठेवले.

पण सरांनी त्यांना घाटावर पाहिलं होतं. सहा वाजता.

ती घाटावर गेली. नंदीजवळ अंबूबाई फुलं आणि वाती विकायला बसली होती. पूजानं तिला विचारलं, शनिवारी संध्याकाळी ती इथंच होती का.

"हितं कुठली, बाई? हितं पाणी हुतं. पाचलाच मी पाटी उचलली अन् वर कमानीत बसली. दिवं लागायच्या टायमाला नंदीचं नुसतं कान दिसत हुतं. पहाटंला उतरलं. असंच असतंय हिचं, वर धरणाची दारं पाडली की एका रातीत खाली."

पूजानं मोबाईल काढून रविवारचा फोटो पाहिला. चपला गाळावर होत्या. गाळ आधी बसला होता, मग चपला. पुलावरच्या फलकावर तासातासाची पातळी लिहिलेली असते. ती मल्हारनं आणली. शनिवारी सहा वाजता चपलांच्या पायरीवर सात फूट पाणी होतं.

वर उभ्या असलेल्या माणसाला ती पायरी दिसणंच शक्य नव्हतं.

६

विश्रामबागेत पाणी येत नाही. रस्ते सरळ, बंगल्यांपुढे गुलमोहर, कोपऱ्याकोपऱ्यावर शिकवण्यांचे फलक. वीरधवल सरांनी पूजाला दिवाणखान्यात बसवलं. भिंतीवर वसतिगृहाचं मोठं रंगीत चित्र होतं. तळमजल्यावर चोवीस मुलींच्या खोल्या. जत, आटपाडी, मेढा, पाटण, जिथं बारावीनंतर शिकायला काही नाही तिथल्या मुली. प्रवेश झाले होते. मंगळवारी तपासणीला लोक येणार होते, गुरुवारी मुली.

पूजानं त्यांना शनिवारचं पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी शब्दही न बदलता सांगितलं. मग तिनं विचारलं, "नदीचं पाणी तेव्हा कुठं होतं, सर?"

"खाली. होतं तिथंच."

"रविवारी सकाळी होतं तिथं?"

पूजानं पातळीचा कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं. सहा वाजता नंदी कानापर्यंत बुडाला होता. रविवारी पहाटे ज्यानं चपला ठेवल्या, त्यानं तेव्हाचं पाणी पाहिलं आणि तेच आदल्या संध्याकाळचं समजला. गावभागातला कुणीही माणूस ही चूक करणार नाही. तिथलं लहान पोरही नदी चढली का उतरली ते विचारूनच घराबाहेर पडतं. ही चूक डोंगरातून येऊन विश्रामबागेत राहिलेला माणूस करेल. किंवा पूजानं स्वतः केली असती.

सरांनी उठून कपाटातून एक पिशवी आणून तिच्या पायाशी ठेवली. आत सदरा होता, साबणासकट गोळा केलेला, वाळून कडक झालेला. गळ्यापाशी तीन बोटांचे लाल डाग.

"आकारामला खरचटलंसुद्धा नव्हतं," ते म्हणाले. "पिवळे डाग होते. मी साबण लावला आणि रक्त आलं. घासलं तेवढं वाढलं. भिंतीवरही तसंच. वरून चुना मारला, तरी आलं."

"नुसत्या पाण्यात धुतला असता तर पिवळाच राहिला असता," पूजा म्हणाली. "आपले कपडे कधी धुतले नाहीत तुम्ही."

त्यांनी सगळं सांगितलं, वर्गात धडा समजावावा तसं, क्रमानं. तपासणीत रेघ दिसायला नको होती. मजुराला सांगितलं तर तो बोलेल, म्हणून चुना स्वतःच लावायला घेतला. आकाराम आले. आधी हसले, चपला काढून सूत हळदीतून ओढायला लागले, मग समजले. सदऱ्याचा गळा धरून म्हणाले, तळमजल्यावर पोरी निजणार आहेत, सर, रात्री पाणी आलं तर त्यांना उठवणार कोण? सरांनी ढकललं. मागे जुन्या वखारीच्या पायाचा दगड होता, त्यावर डोकं आपटून ते पलीकडच्या नाल्यात गेले, नदीच्या फुगवट्यानं काठोकाठ भरलेल्या.

"तरंगत होते का बुडाले?" पूजानं विचारलं.

"हात वर केला होता." सर चित्राकडे बघत होते. "दोन पावलांवर होता. मला वाटलं, बाहेर काढला तर तो सगळ्यांना सांगेल. मी वळलो आणि राहिलेली भिंत पूर्ण केली. वळून पाहिलं तेव्हा नाला नुसताच होता. रात्री पाणी उतरताना त्याला नदीत घेऊन गेलं असेल."

बाहेर जीपपाशी मल्हार उभा होता. त्या शाळकरी फेऱ्यांत तोही एकदा गेला होता म्हणे, लेकीला घेऊन. सरांसाठी जीपचं दार उघडताना त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

७

गुरुवारी मुली आल्या नाहीत. त्यांची सोय आप्पासोंच्या ओळखीनं मिरजेत एका जुन्या धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर झाली. वसतिगृहाच्या तळमजल्यावर लागलेले पलंग उदयसिंहनं बोटीवरची पोरं नेऊन उचलले.

पूजा राहीबाईंकडे गेली ती त्याच संध्याकाळी. त्यांना कुणाकडून तरी अर्धवट कळलं होतं. समोर बसून पूजानं सगळं सांगितलं, भिंत, सूत, चपला. राहीबाईंनी ऐकून घेतलं. सर इथंच, या दारात बसले होते, माझ्या हातचं पाणी प्याले, एवढंच एकदा म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "लगीच गेले का गं, पोरी?"

पूजाच्या तोंडावर 'हो' आलं होतं. तिनं राहीबाईंकडे पाहिलं. चौतीस वर्षं या बाईनं नवऱ्याच्या जेवणाच्या डब्याबरोबर त्याची पातळीची वही भरून दिली होती, आकडा चुकला तर ओळखणारी.

"नाही," ती म्हणाली. "थोडा वेळ होते. हात वर केला होता."

बाहेर बोळातून कुणाचीतरी सायकल गेली. राहीबाई उठल्या, पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या. पूजानं विचारलं, कुठं निघालात.

"घाटावर. सोबत यं." उंबऱ्यावर त्या थांबल्या, श्वास घ्यायला. "रविवारपासनं नदीला शिव्या देतीया मी. तोंडात येतील त्या. म्हणलं, जल्मभर तुझी चाकरी केली त्यांनी आन् तूच गिळलास. तिनं कायबी केलं न्हवतं गं."

बोळ उतरत होता तिकडे त्या चालू लागल्या. पूजा त्यांचा हात धरून पहिल्यांदाच पाण्यापर्यंत उतरली, शेवटच्या ओल्या पायरीपर्यंत, आणि राहीबाई वाकून नदीशी बोलत होत्या तोवर तशीच उभी राहिली.